काचेचं अस्तर

रोज सकाळी चहाला बसण्याआधी मिस्त्री उजव्या अंगठ्याचं नख टेबलावरून फिरवत. टेबल त्यांनीच केलेलं, दोन फळ्या जोडून. नख जोडावरून जाताना कुठे अडखळतं का, एवढंच पाहायचं. ते कधी अडखळत नसे, तरी रोज पाहायचे. मग खुर्ची ओढायची, मग चहा. सुनेला पहिल्या आठवड्यात वाटलं, सासरे धूळ बघतात. ती दोन-दोनदा टेबल पुसायला लागली. शेवटी नवऱ्यानेच तिला हसत सांगितलं, "अगं, धूळ नाही बघत ते. टेबलाने रात्रीतून दगा तर दिला नाही ना, ते बघतात."

नख टेबलापुरतं नव्हतं. दाराच्या चौकटीवर, डब्याच्या झाकणावर, पाहुण्यांकडच्या नव्या कपाटावर, एकदा तर दवाखान्यातल्या तपासायच्या पलंगावर. जिथे अडेल तिथे त्यांचा चेहरा घासात खडा लागल्यासारखा व्हायचा. बोलायचे काही नाहीत. पण ज्याच्या कामावर तो चेहरा पडे, त्याला त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

मिस्त्री स्पर्धेच्या रायफलींचे दस्ते बनवायचे. नळी आणि चाप मोठ्या कारखान्यांतून येतात; पण जो खांद्याला टेकतो, गालाला लागतो, तळव्यावर तोलला जातो, तो दस्ता ज्याच्या त्याच्या अंगाचा लागतो. शिंप्याने घ्यावं तसं मिस्त्री नेमबाजाचं माप घेत. मान किती लांब, खांदा किती उतरता, कोपर कुठे टेकतं. मग अल्युमिनियमची लगड मिलिंग मशीनवर चढायची आणि खाली चंदेरी बुरा पडत राहायचा. दस्त्याच्या मध्यावर, जिथे नळी आणि चाप पेचांनी घट्ट बसतात, त्या ठोकळ्याला कारखान्यात 'बैठक' म्हणत. "नेम डोळ्यात नसतो, बैठकीत असतो," हे मिस्त्रींचं ठरलेलं वाक्य. त्यांनी बसवलेल्या बैठकीच्या फटीत सिगारेटचा कागदही शिरत नसे. हे ते सांगत नसत. गिऱ्हाइकाच्या हातात कागद देत आणि आपण दुसऱ्या कामाला लागत.

सून आली ती होड्यांच्या कारखान्यातून. शर्यतीच्या लांब, हलक्या होड्या कार्बनच्या कापडाच्या करतात. काळं, चकचकीत विणीचं कापड साच्यात थरावर थर अंथरायचं, त्यात रेझिन मुरवायचं आणि ऊब देऊन घट्ट करायचं. घट्ट झालं की ते कापड राहत नाही. लोखंडालाही मागे टाकतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत जेवताना ती म्हणाली, दस्तेही असे करता येतील.

"फडक्याची रायफल?" मिस्त्री म्हणाले.

"भांड्याची चालते, तर फडक्याची का नाही चालणार?"

थोरल्याला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, ठसका लागला. कारखान्याच्या ऑर्डरी तो सांभाळायचा, पण बापाच्या अल्युमिनियमला भांडी म्हणायची त्याची कधी छाती झाली नव्हती. मिस्त्रींनी शेवटचा घास संपवला. मग ताट पुढे सरकवत म्हणाले, "मागची खोली रिकामी करून दे रे तिला."

तेव्हापासून जेवण म्हणजे वाद. ती म्हणायची, "बाबा, उन्हात तुमचं अल्युमिनियम वाढतं. सकाळचा नेम दुपारी राहत नाही."

"वाढतं ते सांगून वाढतं. तुझं काळं फडकं पडलं, आपटलं, तर बाहेरून हूं की चूं करत नाही. आतल्या आत थर सुटतात. अल्युमिनियमला पोचा येतो. पोचा म्हणजे प्रामाणिकपणा."

"मग आपली गाडी फारच प्रामाणिक आहे," थोरला म्हणायचा, आणि दोघंही त्याच्यावर उलटायचे.

दोन खोल्यांच्या मधे काचेची भिंत घातली होती. धातूचा बुरा कापडात गेला तर थर नासतो आणि कापडाची धूळ मशीनमध्ये गेली तर मशीन. भिंतीत एक लहान फडताळ होतं, दोन्ही बाजूंनी दार असलेलं. तिने नमुन्याचा दस्ता करायचा, फडताळात ठेवायचा, काचेवर टकटक करायची. मिस्त्रींनी आपल्या बाजूने काढून घ्यायचा, माप तपासायचं, आणि परत टकटक. चपलाही दोन खोल्यांच्या वेगळ्या होत्या. दिवसभर दोघं एकमेकांना दिसत, पण कामाबद्दल एक शब्द होत नसे. काम चोख असल्यावर विचारायचं काय, असं दोघांनाही वाटे, आणि याचा दोघांनाही थोडा गर्वच होता.

मिस्त्रींची बायको सून यायच्या आधीच गेली होती. तिचं दुखणं हातांपासून सुरू झालं. आधी बशीवर कपाची किणकिण, मग सुईत दोरा न जाणं, मग पुढचं सगळं. मुलांबद्दल विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "होईलच असं नाही. होणारच नाही असंही मी सांगू शकत नाही." त्यानंतर या घरात बशा राहिल्या नाहीत. सगळे स्टीलच्या पेल्यांतून प्यायचे. सुनेला हे कुणी सांगितलं नव्हतं. आहेरात आलेला कपबशांचा सेट तिने हौसेने बाहेर काढला, तेव्हा थोरल्याने तो तिच्या हातातून घेऊन माळ्यावर ठेवला, आणि खाली उतरून मग सांगितलं.

आईच्या शेवटच्या वर्षात धाकट्या मुलीने रायफल हातात घेतली. तिला सगळे बारकी म्हणत. लोकांना वाटलं, बापाचा धंदा म्हणून पोरगी तिकडे वळली. घरात मात्र न बोलता सगळ्यांना माहीत होतं. आपला हात स्थिर आहे की नाही, हे रोजच्या रोज कागदावर भोकं पाडून सांगणारी दुसरी वस्तू जगात नाही.

बारकी चांगली निघाली. इतकी, की संघाच्या निवडीपर्यंत नाव गेलं, आणि तिच्यासाठी नवी रायफल करायचं ठरलं. सासरा आणि सून यांनी मिळून केलेली ही पहिली रायफल. दस्ता कार्बनचा, बैठक अल्युमिनियमची. "लग्न लावतोय आपण," थोरला म्हणाला, "फडक्याचं आणि भांड्याचं."

सुनेने दस्ता केला, बैठकीसाठी खोबण ठेवली आणि खोबणीच्या आत काचेच्या कापडाचा एक पातळ थर दिला. होड्यांच्या कारखान्यात धातू जिथे कार्बनला टेकणार असेल, तिथे असं अस्तर देतातच. जेवणाआधी हात धुवावेत, तितकं ते अंगवळणी पडलेलं. कुणाला सांगायचं तिच्या मनातही आलं नाही. दस्ता फडताळात ठेवला, टकटक केली.

मिस्त्रींनी बैठक घालून पाहिली. जाईना. खोबणीत पिवळट, खरबरीत काहीतरी होतं. त्यांना वाटलं, साच्यातला खरवडा राहिलाय. पोरीचं काम स्वच्छ असतं, पण आतल्या बाजूला हात पोचला नसेल. सांगून तिला कशाला खजील करा? त्यांनी दुपारभर पॉलिश पेपरने ते घासून काढलं, खाली काळी वीण लागेपर्यंत. बैठकीवरचा संरक्षक रंगही टेकायच्या जागी खरवडला. मग ती अशी बसवली, की हवाही परवानगी काढूनच आत गेली असती. असा जोड त्यांना कित्येक वर्षांत साधला नव्हता. टकटक झाली. सुनेने रायफल काढली, जोडावरून बोट फिरवलं आणि काचेपलीकडे बघून मान डोलवली. त्या दिवशी जेवताना वाद झाला नाही.

पहिले काही महिने बारकीचे गुण चढत गेले. मग दमट दिवस लागले. रेंज समुद्रापासून फार लांब नव्हती, वारा खारा यायचा, आणि बारकीच्या तळव्यांना पहिल्यापासून घाम फार. गोळ्या सरकायला लागल्या. आधी केसभर उजवीकडे. तिने नेमाचे पेच फिरवून मध्य साधला. दुसऱ्या दिवशी गोळ्या खाली. पुन्हा पेच. तिसऱ्या दिवशी कुठेच नाही आणि सगळीकडे. एरवी पाच गोळ्या एका भोकातून गेल्यासारख्या जायच्या, त्या आता कोंबड्यांना टाकलेल्या दाण्यांसारख्या विखुरल्या.

घरात कुणी काही बोललं नाही. पण सुनेच्या लक्षात येऊ लागलं. बारकी पेला दोन्ही हातांनी धरते. अर्धाच भरून घेते. एकदा सून स्वयंपाकघरात शिरली तर बारकी खिडकीशी उभी होती, हात समोर ताठ, पसरलेल्या बोटांवर वर्तमानपत्राचा तुकडा. तुकड्याची कड हलतेय का, ते ती श्वास रोखून पाहत होती. खिडकी उघडी होती. कड हलत होती. पावलं ऐकून तिने हात खाली घेतला.

"वहिनी, मीठ कुठंय गं?"

"तुझ्या समोर."

"हो की."

आणि मीठ न घेताच ती बाहेर गेली.

मिस्त्रींनाही दिसत होतं. चहाला बसले की त्यांचे डोळे मुलीच्या हातांवर असत, आणि मुलगी हात मांडीवर ठेवी. एका सकाळी ते खुर्ची ओढून सरळ बसले. टेबलावर नख फिरवलंच नाही. ते सुनेने पाहिलं. तिला वाटलं, घरातली एखादी भिंत पडली असती तर आपण इतके घाबरलो नसतो.

निवड चाचणीच्या आदल्या दिवशी सकाळी कोच कारखान्यात आले. चांगला माणूस, या घराशी जुना संबंध. दारातच उभे राहिले.

"मिस्त्री, उद्या तिचं नाव मागे घेऊ का?"

"का?"

"आधी डॉक्टरांना दाखवा. स्पर्धा काय, पुढच्या वर्षी पण आहे."

"काय दाखवू?" मिस्त्रींनी मशीन बंद केलं नाही. त्या आवाजावर त्यांना ओरडावं लागलं. "काय दाखवू डॉक्टरांना?"

"मी तिच्या आईला पाहिलंय, मिस्त्री. म्हणून मीच बोललो. दुसऱ्या कुणी बोलण्यापेक्षा."

कोच गेले. मिस्त्रींनी मशीन बंद केलं, काचेच्या भिंतीशी आले आणि मुठीने काच वाजवली. ती टकटक नव्हती.

"तुझं फडकं आहे हे! सांगत होतो मी, आतल्या आत सुटतं. बाहेरून छान छान."

सून दाराने त्यांच्या बाजूला आली. कापडाच्या खोलीतल्या चपला तशाच पायात. "माझा दस्ता मी इंच इंच ठोकून पाहिलाय, बाबा. एक थर सुटलेला नाही. नाणं वाजवून पाहा हवं तर."

"मग काय माझी बैठक हलली? माझी?"

"मी असं म्हटलं का?"

"म्हण ना! म्हणून टाक!"

थोरला मधे पडला. "अहो, भांडी आणि फडकं दोन्ही पुन्हा धुऊन बघू या ना..."

"तू गप्प बस," दोघं एकदमच म्हणाले.

"तुम्ही सगळेच गप्प बसा."

बारकी जिन्यात उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. ती दोन पायऱ्या उतरली आणि कठड्याला धरून थांबली. "रायफलीला काही झालेलं नाही. उगाच एकमेकांच्या उरावर बसू नका. हात माझा आहे. आईचा होता तसाच."

हे वाक्य या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं. बारकी वर निघून गेली. मिस्त्री स्टुलावर बसले आणि आपल्याच तळव्यांकडे बघत राहिले, जणू दोष तिथून उतरला असावा.

सुनेला तेव्हा काही सुचलं होतं असं नाही. नुसतं बसवत नव्हतं, एवढंच. तिने रायफल शेगड्याच्या पकडीत घट्ट लावली आणि म्हणाली, "बाबा, उघडू या."

"काय उघडायचं? जोड बघ, कसा आहे."

"तुम्ही बघा."

ते उठले ते सवयीने. अंगठ्याचं नख दस्त्याच्या काळ्या कडेवरून निघालं, जोडापाशी आलं आणि अडलं.

मिस्त्रींनी हात मागे घेतला. पुन्हा फिरवलं. पुन्हा अडलं. बैठकीची कड वर उठली होती. डोळ्यांना दिसणार नाही इतकीच, पण उठली होती. "हे मी असं बसवलं नव्हतं," ते हळू म्हणाले. "सूनबाई, आईशप्पथ, मी असं नव्हतं बसवलं."

पेच काढले. बैठक निघेना. थोरल्याने गरम हवेचं यंत्र आणलं, तिघांनी मिळून ऊब दिली, लाकडी हातोडीने हळूहळू ठोकलं. शेवटी ठोकळा करकरत बाहेर आला आणि त्याच्याबरोबर पांढरी भुकटी टेबलावर सांडली. ओल्या भिंतीला लोणा येतो तशी. ठोकळ्याची गुळगुळीत पाठ जागोजागी खाल्ली गेली होती, फुगली होती. मिस्त्रींचं अल्युमिनियम त्यांना ओळखू येईना.

सुनेने खोबणीत बोट घातलं. काळी वीण. तिने विजेरी आणून आत पाहिलं.

"बाबा, अस्तर कुठंय?"

"कसलं अस्तर?"

"काचेचं. पिवळट. मी आत दिलेला थर."

मिस्त्रींनी खोबणीत डोकावून पाहिलं. "ते खरबरीत? ते तू दिलं होतंस? मी घासून काढलं. बैठक जात नव्हती."

सून तिथल्याच खोक्यावर बसली. मग तिने सांगितलं. कार्बन आणि अल्युमिनियम एकमेकांना नुसते टेकले, आणि मधे खारट ओल शिरली, की बॅटरीसारखं काम सुरू होतं. कार्बनला काही होत नाही; तो अल्युमिनियमला खातो. खाल्लेल्याची भुकटी होते, भुकटी फुगते, बैठक उचलली जाते. आज एका कोपऱ्यात, उद्या दुसऱ्या. होड्यांत पेच असे कुजलेले तिने पाहिले होते. म्हणूनच काच मधे घालायची, दोघांना शिवू द्यायचं नाही.

"हे मी सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "दस्ता फडताळात ठेवला आणि काच वाजवली. तोंड उघडलं नाही."

मिस्त्री तिचं ऐकत नव्हते. त्यांनी तो खाल्लेला ठोकळा उचलला होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे येत होतं ते पाहून थोरला एक पाऊल पुढे सरकला.

"म्हणजे चूक माझी?"

"आपल्या दोघांची, बाबा."

"नाही, नाही. माझी म्हण. मी घासलं ना? माझ्या हाताने घासलं. माझी म्हण, नीट म्हण, मोठ्याने म्हण." आणि ज्यांनी उभ्या आयुष्यात एका फटीची कबुली दिली नव्हती, ते मिस्त्री पांढरे हात घेऊन जिन्याकडे धावले. "बारके! अगं बारके! माती खाल्ली मी! तुझ्या बापाने माती खाल्ली!"

बारकी खाली आली. ठोकळा पाहिला, भुकटी पाहिली, बापाचा उजळलेला चेहरा पाहिला. तिने काही हातात घेतलं नाही.

"आईलासुद्धा तुम्ही असंच सांगायचात," ती म्हणाली. "कपच हलका आहे म्हणून."

मिस्त्रींचा चेहरा उतरला तो सुनेला बघवेना. एवढा मोठा दोष पदरात घेऊन गेलेला माणूस, आणि तो कुणी घेईना.

आता सांगून भागणार नव्हतं. उद्या सकाळी चाचणी होती.

मिस्त्रींनी नवी लगड मशीनवर चढवली. सून त्यांच्या शेजारी उभी राहिली. काचेच्या अलीकडे काम करायला, पहिल्यांदाच.

"किती ढिली हवी?"

"कागदाएवढी. चारी बाजूंनी."

"अख्खा जन्म कागद जाऊ नये म्हणून मेलो," ते पुटपुटले, "आणि आता कागद जावा म्हणून कापायचं."

पहिली बैठक त्यांनी घट्टच कापली. मुद्दाम नाही. हात तिथेच थांबला, जिथे तो नेहमी थांबायचा. खोबणीत घालून पाहिली आणि भंगारात टाकली. दुसऱ्या वेळी त्यांनी सुनेला चाकाच्या मुठीवर आपल्या हातावर हात ठेवायला सांगितलं. "मी थांबलो की तू दाब." ते थांबले. तिने दाबलं. बुऱ्याची एक बारीक कुरळी सुटली आणि खाली पडली. ठोकळा खोबणीत ठेवला तेव्हा तो डुगडुगला, आणि मिस्त्रींनी तोंड फिरवलं.

पुढचं काम तिचं. तिने काचेचं कापड कापलं, रेझिन कालवलं, अस्तर लावलं, बैठक त्यात बसवली. मिस्त्री बाजूला उभे राहून प्रत्येक हालचाल विचारत होते. हे का, ते कशासाठी, एवढंच का, जास्त का नाही. ती सांगत होती. इतकं दोघं कारखान्यात कधी बोललेच नव्हते. दस्ता दिव्यांच्या पेटीत ठेवला. लाकडी खोकं, आत चार बल्ब. त्याच्या उबेत रेझिन सकाळपर्यंत घट्ट होणार होतं.

बारकी दारात येऊन उभी राहिली होती.

"उद्या मी गेलेच नाही तर?"

"तर रायफल दुरुस्त झाली की नाही, ते कुणाला कळणार नाही," सून हात पुसत म्हणाली. "तुलाही नाही. तेच कळायला नको असेल, तर नको जाऊस."

"वहिनी, तू फार वाईट बाई आहेस."

"तुझ्या भावाला विचार. तो रोज सांगतो."

बारकी हसली नाही. पण निघताना पेटीच्या फटीतून वाकून आत पाहून गेली.

सकाळी रेंजवर सावलीतल्या बाकामागे मिस्त्री आणि सून उभे होते. कोचनी फक्त मान हलवली. प्रत्येक नेमबाजाच्या मागे पडदा होता; गोळी कुठे लागली, तिथे ठिपका उमटायचा. पहिल्या काही गोळ्या नेम जुळवायच्या. त्यांची मोजणी नसते, पण सुनेला दुसरं कशाशी देणंघेणं नव्हतं. ठिपके विखुरले, तर त्याला आता एकच कारण उरलं होतं.

मिस्त्रींनी पडद्याकडे पाठ केली. "मी नाही बघत. तू सांग."

बारकीने गाल दस्त्याला टेकवला. घोट गिळल्यासारखी मान हलली, मग ती दगड झाली. आवाज झाला.

ठिपका मधल्या काळ्या वर्तुळाच्या पार बाहेर, वर डावीकडे उमटला.

"काय झालं?"

"बाहेर गेली."

मिस्त्री पाठमोरेच राहिले. त्यांचा हात बाकाच्या पाठीवर होता. बोटं पांढरी पडली होती. बारकीने पडद्याकडे पाहिलं, आणि तिच्या खांद्यांतून काहीतरी निघून गेल्याचं सुनेला मागून दिसलं. क्षणभर वाटलं, ही आता रायफल खाली ठेवणार. तिने नाही ठेवली. पुन्हा गाल टेकवला. फार वेळ लावला. आवाज झाला.

"आता?"

"हीपण बाहेर."

"किती?"

सून पुढे वाकली. पडद्यावर दुसरा ठिपका शोधावा लागत होता. "बाबा," ती म्हणाली. "तिथेच आहे. पहिलीच्या भोकातच."

तिसरी गेली. तिथेच. चौथी तिथेच. वर डावीकडे, पार चुकीच्या जागी, पण एकावर एक, जणू कुणी पेनचं टोक टेकवून ठेवलंय. बैठक नवी म्हणून नेम हलला होता; हात हलला नव्हता. कोच हातातली पाण्याची बाटली विसरून उभे होते. मिस्त्री मात्र खाली फरशीवरच बसले, बाक शेजारी असून.

बारकीने पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मागे वळून न बघता तिने नेमाचे पेच फिरवले. टिक, टिक, टिक. पुढची गोळी मधोमध लागली.

संघात ती राखीव म्हणून आली, कारण आधीच्या महिन्यांचे गुणही धरले गेले. घरी येऊन तिने आदळआपट केली. "राखीव! तुमच्या पॉलिश पेपरपायी राखीव!" मिस्त्री तो आरडाओरडा गाणं ऐकावं तसा ऐकत बसले. पुढे कधीतरी ती आपणहून डॉक्टरांकडे जाऊन आली. डॉक्टर तेच म्हणाले, जे आधी म्हणाले होते. होईलच असं नाही, होणारच नाही असंही नाही. ती घरी येऊन जेवली आणि सरावाला गेली.

काचेची भिंत तशीच राहिली. बुरा आणि धूळ काही समजूतदार झाले नव्हते. पण फडताळात दस्ता ठेवला, की सून त्याच्यासोबत फिरून त्यांच्या बाजूला जायची, आणि दोघं उभ्याउभ्या बोलायची. मिस्त्री शेवटपर्यंत कार्बनला फडकंच म्हणत राहिले. गिऱ्हाइकांना मात्र कागद देणं त्यांनी सोडलं. कुणी मागितलाच तर म्हणायचे, "फट आहे. असूच दे. ती सुनेने ठेवलीय."

पुढे काही वर्षांनी गुडघ्यांनी दगा दिला, मग छातीने. मशीनवर थोरल्याने माणूस ठेवला. ज्या दुपारी मिस्त्री गेले, त्या दुपारचं सांगण्यासारखं काही नाही. बारकी स्पर्धेसाठी परगावी होती, आता राखीव नाही. मिस्त्री दोन घास जेवले, नव्या माणसाला नावं ठेवली आणि पलंगावर आडवे झाले. सुनेने पांघरूण घातलं, पाण्याचा पेला हाताशी ठेवला आणि दार लोटून घ्यायला वळली. भिंतीकडे तोंड करता करता ते म्हणाले, "तिचा फोन आला तर उठव मला. आणि तो पंखा जरा बारीक कर."